युद्धकाळातले अजिंक्यपद दुय्यम कसे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत क्रीडाइतिहासातील दुबळ्या विजेत्यांविषयीचा एक लेख नुकताच प्रसिद्ध झाला. त्या लेखात अमेरिकेतील सेंट लुईस ब्राउन्स या व्यावसायिक बेसबॉल संघाचा उल्लेख दोन ओळींत आटोपला असून, १९४४ साली खरे खेळाडू युद्धावर गेले होते आणि मैदान मोकळे होते म्हणून या संघाला अजिंक्यपद मिळाले, असा निर्वाळा दिलेला आहे. मी सांगलीत शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि नोकरीचा बराचसा काळ मुलामुलींना सॉफ्टबॉल व बेसबॉल शिकवण्यात गेला. आपल्या भागात हे खेळ शालेय स्पर्धांपुरतेच माहीत असल्यामुळे त्यांच्या इतिहासाविषयी जे छापून येते तेच वाचकांच्या मनात कायमचे बसते. म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेत त्या काळी अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन मुख्य लीग होत्या. प्रत्येकीत आठ संघ असत आणि प्रत्येक संघ एका हंगामात १५४ सामने खेळत असे. लीगमध्ये पहिला येणाऱ्या संघाला त्या लीगचे अजिंक्यपद, म्हणजे तिकडच्या भाषेत पेनंट, मिळे आणि मग दोन्ही लीगच्या विजेत्यांत वर्ल्ड सिरीज होई. ब्राउन्स हा संघ १९०२ सालापासून सेंट लुईस शहरात होता आणि १९४४ पर्यंत त्याने एकदाही पेनंट जिंकलेले नव्हते. अमेरिकन लीगमधील बाकीच्या सातही संघांच्या नावावर तोवर किमान एक पेनंट लागलेले होते. १९३५ साली या संघाच्या घरच्या मैदानावर संपूर्ण हंगामात मिळून ८१ हजारांच्या आतच प्रेक्षक आले आणि १९३९ साली हा संघ १५४ पैकी १११ सामने हरला. त्याच शहरातील, त्याच मैदानावर खेळणारा कार्डिनल्स हा संघ मात्र नामवंत होता. मैदान ब्राउन्सच्या मालकीचे आणि कार्डिनल्स त्यांचे भाडेकरू, तरीही गर्दी भाडेकरूंच्याच सामन्यांना होत असे.

अखेर ब्राउन्सचे मालक डोनाल्ड बार्न्स यांनी संघ लॉस एंजेलिसला हलवायचे ठरवले. त्या प्रस्तावावर अमेरिकन लीगच्या संघमालकांच्या बैठकीत ८ डिसेंबर १९४१ रोजी विचार व्हायचा होता. आदल्याच दिवशी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, अमेरिका युद्धात उतरली आणि स्थलांतराचा विषय तिथेच संपला. युद्धाने ब्राउन्सला सेंट लुईसमध्ये थांबवले, हे खरे आहे. पण १९४४ चे अजिंक्यपद युद्धाने त्यांच्या हातात आयते आणून ठेवले, हे खरे नाही. लेखात नेमकी याच ठिकाणी गल्लत झाली आहे.

त्या हंगामाची परिस्थिती काय होती, हेही पाहायला हवे. युद्धकाळात रेल्वेवर सैनिकांच्या आणि युद्धसामग्रीच्या वाहतुकीचा भार होता. त्यामुळे हंगामापूर्वीच्या सरावासाठी संघांनी दक्षिणेकडील उबदार राज्यांत जाऊ नये, असे बंधन घालण्यात आले होते. ब्राउन्सने आपल्याच राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या केप जिरार्डो या गावी, थंडीत सराव केला. रबराची टंचाई इतकी होती की आदल्या वर्षी, १९४३ च्या हंगामाच्या सुरुवातीला, चेंडूच्या गाभ्यात रबराऐवजी बलाटा नावाचा झाडाचा चीक वापरावा लागला होता आणि कितीही जोरात फटका मारला तरी चेंडू लांब जात नव्हता. ५०० हून अधिक खेळाडू सैन्यात दाखल झाले होते. न्यूयॉर्क यांकीजचा ज्यो डिमॅजिओ, बोस्टनचा टेड विल्यम्स, क्लीव्हलँडचा बॉब फेलर आणि डेट्रॉईटचा हँक ग्रीनबर्ग हे पहिल्या फळीतले सारेच खेळाडू गणवेशात होते. त्यांच्या त्यागाविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

ब्राउन्सचे व्यवस्थापक ल्यूक सेवेल यांच्या हाताशी मग कोण राहिले होते? त्यांच्या संघातील डझनाहून अधिक खेळाडूंना सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरवण्यात आले होते. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावण्याच्या टप्प्यांच्या) मधला क्षेत्ररक्षक, व्हर्न स्टीफन्स याचा गुडघा दुखावलेला होता आणि पहिल्या बेसवरचा जॉर्ज मॅक्विन पाठीच्या दुखण्याने बेजार होता. याच स्टीफन्सने त्या हंगामात १०९ धावा संघाच्या खात्यात जमा करून दिल्या आणि त्या बाबतीत तो संपूर्ण अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. सिग जकुकी हा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू, १९३६ नंतर आठ वर्षे मुख्य लीगबाहेर होता. तो टेक्सासमध्ये हौशी संघांतून खेळत असे आणि उपजीविकेसाठी जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करत असे. त्याला तिथून शोधून आणले आणि त्याने १३ सामने जिंकून दिले. नेल्स पॉटरने तर १९ सामने जिंकले, आणि तेही जुलै महिन्यात चेंडूला थुंकी लावल्याच्या आरोपावरून दहा दिवसांची बंदी भोगून.

या सगळ्यांत डेनी गेलहाऊस या पिचरची हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. तो ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे गुडइयरच्या विमान कारखान्यात कामाला होता. सोमवार ते शनिवार कारखान्यातील पाळी भरायची, शनिवारी रात्री आगगाडीत बसायचे, संघ ज्या शहरात असेल तिथे रविवारी सकाळी उतरायचे, सामन्यात पिचिंग करायचे आणि पुन्हा गाडी पकडून कामावर हजर व्हायचे, असा त्याचा क्रम होता. पिचिंग हे किती अंगमेहनतीचे काम आहे, हे ज्याने एकदा तरी नऊ डाव चेंडू टाकला आहे त्यालाच कळेल. खांदा, कोपर आणि कंबर यांना नीट विश्रांती मिळाली नाही तर चेंडूचा वेग तर जातोच, पण त्याहून आधी त्याची दिशा जाते. आठवडाभर यंत्रापाशी उभे राहिलेला आणि रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस हे काम करत होता. पुढे हंगामाच्या उत्तरार्धात त्याने कारखाना सोडला आणि तो पूर्णवेळ संघाबरोबर आला. कारखान्याच्या कामामुळे सैन्यभरतीपासून मिळणारे संरक्षण सुटण्याचा धोका त्याने जाणूनबुजून पत्करला. चेट लाब्स हा फलंदाजही युद्धसामग्रीच्या कारखान्यात काम करून, सुट्टीच्या दिवशी आणि रात्रीच्या सामन्यांना मैदानावर येत असे. अशा संघाला आयते मिळाले, असे म्हणणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

हंगामाची सुरुवात ब्राउन्सने लागोपाठ नऊ विजयांनी केली आणि अमेरिकन लीगमध्ये तो विक्रम ठरला. पुढे घसरण झाली. डेट्रॉईट टायगर्स जोरात आले आणि सप्टेंबरअखेर दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते. ‘मैदान मोकळे होते’ हे लेखातले विधान याच ठिकाणी पूर्णपणे कोसळते. डेट्रॉईटकडे त्या वर्षी हॅल न्यूहाउसर आणि डिझी ट्राउट हे दोन पिचर होते. न्यूहाउसरने २९ आणि ट्राउटने २७ सामने जिंकले, म्हणजे दोघांनी मिळून ५६. संघाच्या एकूण ८८ विजयांपैकी ५६ दोनच पिचरच्या नावावर असणे, ही शांततेच्या काळातही थक्क करणारी गोष्ट ठरली असती. शिवाय डिक वेकफिल्ड हा त्यांचा फलंदाज हंगामाच्या मध्यावर सैन्यातून मोकळा होऊन परतला होता आणि .३५५ च्या सरासरीने, म्हणजे हजार प्रयत्नांत ३५५ यशस्वी फटके या हिशेबाने, खेळत होता. दुसरीकडे ब्राउन्सचा वॉल्ट जडनिक हा प्रमुख फलंदाज सैन्यातच होता आणि स्टीव्ह सुंड्रा या पिचरला हंगाम सुरू झाल्यावर भरतीचे बोलावणे आले. खेळाडूंची वजाबाकी सगळ्यांच्याच संघांतून झाली होती, हे लेखकाने लक्षात घ्यायला हवे होते.

ब्राउन्सचे शेवटचे चार सामने घरच्या मैदानावर यांकीजशी होते. यांकीज हे आदल्या वर्षीचे जगज्जेते होते आणि त्यांची स्वतःची आशाही अजून पुरती मावळलेली नव्हती. २९ सप्टेंबरला शुक्रवारी एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने झाले. पहिला जॅक क्रेमरने ४-१ असा जिंकून दिला, दुसरा पॉटरने १-० असा. शनिवारी गेलहाऊसने यांकीजला एकही धाव न देता २-० असा विजय मिळवला. तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला मिळून एकच धाव! एवढे होऊनही रविवारी, १ ऑक्टोबरच्या सकाळी, ब्राउन्स आणि डेट्रॉईट बरोबरीतच होते. त्या दिवशी मैदानावर ३५ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. नऊ वर्षांपूर्वी आख्ख्या हंगामात जेवढे आले होते, त्याच्या जवळजवळ निम्मे एका दुपारी. तिकडे डेट्रॉईट वॉशिंग्टनकडून ४-१ असे हरले. इकडे यांकीजने आधी २-० अशी आघाडी घेतली. मग कारखान्यातून येणाऱ्या लाब्सने, ज्याच्या नावावर त्या दिवसापर्यंत साऱ्या हंगामात जेमतेम तीन होमरन (सगळे बेस एका दमात पार करून देणारे फटके) होते, एकामागोमाग एक असे दोन होमरन मारले आणि प्रत्येक वेळी बेसवर एक साथीदार असल्यामुळे चार धावा झाल्या. नंतर स्टीफन्सने आणखी एक होमरन मारला. जकुकी शेवटपर्यंत पिचिंग करत राहिला आणि ब्राउन्सने सामना ५-२ असा जिंकला. ८९ विजय आणि ६५ पराभव अशी नोंद होऊन पेनंट ब्राउन्सकडे आले. डेट्रॉईट एका सामन्याने मागे पडले.

वर्ल्ड सिरीजमध्ये ब्राउन्स कार्डिनल्सकडून ४-२ असे हरले, याचा लेखात दुबळेपणाचा पुरावा म्हणून वापर केलेला आहे. परंतु कार्डिनल्सचा संघ त्या वर्षी १०५ सामने जिंकून आलेला होता, सलग तिसऱ्या वर्षी त्यांनी शंभरी ओलांडली होती आणि स्टॅन म्यूझिअलसारखा खेळाडू १९४४ साली सैन्यात न जाता संघातच होता. पहिल्या सामन्यात ब्राउन्सला केवळ दोन हिट, म्हणजे फलंदाजाला बेस गाठून देणारे फटके, मिळाल्या. त्यांतली एक मॅक्विनचा दोन धावांचा होमरन होती, आणि गेलहाऊसने तेवढ्याच भांडवलावर २-१ असा सामना जिंकला. दुसरा सामना ११ डावांपर्यंत लांबला आणि ३-२ असा गेला. तिसरा ब्राउन्सने ६-२ असा घेतला. सहा सामन्यांत मिळून कार्डिनल्सच्या धावा १६ आणि ब्राउन्सच्या १२. ब्राउन्सने क्षेत्ररक्षणात दहा चुका केल्या आणि कार्डिनल्सने एकच. मालिका तिथे गेली. सहाव्या सामन्यात स्टीफन्सची एक फेक दुसऱ्या बेसवर चुकली आणि त्याच डावात कार्डिनल्सने सामना फिरवला. ब्राउन्स चांगले खेळून हरले असे मी म्हणणार नाही, फलंदाजीत तर ते फारच कमी पडले. पण एका बलाढ्य संघाशी सहा सामने झुंजलेल्या संघाला मैदानात पाय ठेवायचाच अधिकार नव्हता, असे सुचवणे योग्य नाही.

जाता जाता एक तपशील नोंदवतो. सेवेल आणि कार्डिनल्सचे व्यवस्थापक बिली साउथवर्थ हे दोघे हंगामभर सेंट लुईसमधील एकाच घरात राहत होते. युद्धामुळे घरांची टंचाई होती आणि एक संघ घरी असला की दुसरा दौऱ्यावर असे, त्यामुळे अडचण येत नव्हती. वर्ल्ड सिरीजला दोघेही एकाच वेळी शहरात आले तेव्हा एकाला दुसरीकडे सोय पाहावी लागली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अमुक खेळाडू नव्हते म्हणून तमुक हंगाम खोटा, ही मोजपट्टी एकदा हातात घेतली की ती १९४४ पुरती ठेवता येत नाही. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरेपर्यंत अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना साठ-एक वर्षे प्रवेश नव्हता. सॅचेल पेजसारखा पिचर आणि जॉश गिब्सनसारखा फलंदाज ऐन उमेदीची वर्षे वेगळ्या लीगमध्ये खेळत राहिले. गिब्सनला तर मुख्य लीगमध्ये कधीच खेळायला मिळाले नाही. ज्या स्पोर्ट्समन्स पार्क मैदानावर ब्राउन्सने पेनंट जिंकले, त्या मैदानावर कृष्णवर्णीय प्रेक्षकांनाही मे १९४४ पर्यंत मुख्य प्रेक्षागारात बसू देत नसत. मग १९२७ चा यांकीजचा संघ, ज्याला सर्वश्रेष्ठ म्हणून डोक्यावर घेतले जाते, तो कोणाच्या गैरहजेरीत जिंकला होता? युद्धामुळे गैरहजर राहिलेले खेळाडू निदान काही वर्षांनी परतले. रंगामुळे दारातच अडवलेल्यांची गैरहजेरी कोणी मोजलीच नाही. त्या हंगामांना कुठलेही विशेषण न लावता १९४४ ला मात्र ‘युद्धकाळातले’ म्हणून बाजूला काढायचे, यात न्याय नाही. आपल्याकडे पळवणकर बाळू यांच्यासारख्या श्रेष्ठ फिरकी गोलंदाजाला हिंदू संघात घेतले, पण जातीमुळे कर्णधारपद दिले नाही. तो इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज पडू नये.

लेखात पीट ग्रे याचा उल्लेख ‘प्रेक्षक खेचण्यासाठी उभा केलेला एक हाताचा माणूस’ असा आला आहे. हे वाक्य वाचून मला सर्वाधिक वेदना झाल्या. ग्रे १९४५ साली ब्राउन्सकडून खेळला. लहानपणी अपघातात त्याचा उजवा हात गेला. तो मूळचा उजवा होता, तरी त्याने डाव्या हाताने सगळा खेळ नव्याने शिकून घेतला. पर्ल हार्बरनंतर तो सैन्यात भरती व्हायला गेला होता, पण त्याला नाकारण्यात आले. १९४४ साली मेम्फिसच्या संघाकडून खेळताना त्याची सरासरी .३३३ होती, त्याने ६८ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून गाठले, आणि सदर्न असोसिएशन या लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. ही कामगिरी करून तो ब्राउन्समध्ये आला होता.

आमच्याकडे सॉफ्टबॉल शिकायला येणाऱ्या मुलांना सुरुवातीला एक गोष्ट हमखास जड जाते. ग्लोव्हमध्ये चेंडू अडला की क्षणात तो दुसऱ्या हातात घेऊन फेकायचा असतो. दोन्ही हात असलेल्या मुलांची बोटे तिथे अडखळतात, चेंडू निसटतो आणि तोवर समोरचा खेळाडू पुढचा बेस गाठतो. ग्रे तोच चेंडू डाव्या हातातील ग्लोव्हमध्ये झेलत असे, ग्लोव्ह उजव्या खांद्याच्या उरलेल्या थोट्या दंडाखाली दाबत असे, चेंडू छातीवरून घरंगळू देत असे, मोकळ्या झालेल्या डाव्या हातात तो पकडत असे आणि फेकत असे. हे सर्व एका सलग हालचालीत होई. ग्लोव्ह पटकन निघावा म्हणून त्याने त्याच्या आतली भर बरीचशी काढून टाकली होती. तरीही क्षण-दीड क्षण जास्त जाई आणि प्रतिस्पर्धी त्याचा फायदा घेत. संथ आणि वळणाऱ्या चेंडूंवर एका हाताने बॅट थोपवणे त्याला कठीण जाई, हेही खरे. त्या हंगामात तो ७७ सामने खेळला, ५१ हिट मिळवल्या, सरासरी .२१८ राहिली आणि २३४ प्रयत्नांत तो केवळ ११ वेळा स्ट्राइक आउट, म्हणजे चेंडूला बॅट न लागता बाद, झाला. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम देत आहे, कारण दोन हातांनी खेळणाऱ्यांपैकी कितीतरी जण याहून अधिक वेळा चेंडू चुकवतात. ब्राउन्स त्या वर्षी तिसरे आले आणि काही साथीदारांनी त्याचे खापर ग्रेवर फोडले. युद्ध संपल्यावर खेळाडू परतले आणि ग्रे पुन्हा मुख्य लीगमध्ये दिसला नाही. युद्ध नसते तर त्याला संधी मिळाली नसती, हे मला मान्य आहे. पण संधी मिळाल्यावर त्याने जे करून दाखवले ते त्याचे स्वतःचे होते.

हाच न्याय आपण आपल्या खेळाडूंना लावून पाहावा. रणजी करंडक स्पर्धा दुसऱ्या महायुद्धाच्या एकाही वर्षी बंद पडली नाही. ती प्रथमच रद्द झाली २०२०-२१ साली, करोनामुळे. महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला तो प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली, आणि तेव्हा जगात युद्ध पेटलेले होते. पन्नाशीला टेकलेल्या देवधरांनी १९४०-४१ साली मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, त्या सामन्यात महाराष्ट्राने ६७५ आणि मुंबईने ६५० धावा काढल्या. सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांनी १९३९-४० च्या हंगामात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा करून रणजी स्पर्धेतील पहिले त्रिशतक नोंदवले. १९४३-४४ च्या पंचरंगी, म्हणजे धर्मसमूहवार पाच संघांच्या, सामन्यांच्या अंतिम फेरीत हिंदू संघाविरुद्ध खेळताना ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. या खेळींपुढे आपण कधी ‘युद्धकाळातल्या’ असा शेरा मारला आहे का? सांगलीत तरी कोणी मारणार नाही. उलट युद्धामुळे कसोटी सामने बंद असल्याने हजाऱ्यांना पहिली कसोटी खेळायला १९४६ साल उजाडले, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते, याची हळहळ आपण आजही व्यक्त करतो. युद्धाने त्यांच्याकडून वर्षे हिरावून घेतली, पण त्या वर्षांत त्यांनी जे केले त्याचे मोल कमी झाले नाही. मग जकुकी आणि गेलहाऊस यांच्याकरता माप वेगळे का असावे?

एक आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेतो. तो असा की, तरुण माणसे रणांगणावर प्राण देत असताना हातीपायी धड दिसणाऱ्या माणसांनी चेंडूफळी खेळणे शोभते का? आमचा भाग सैनिकांचा आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे आहे, आणि आमच्याही गावोगाव मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेल्यांची घरे आहेत. याच १९४४ सालच्या जुलैत इटलीत टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यामुळे हा प्रश्न इथल्या माणसाला परका नाही. परंतु तो त्या काळी अमेरिकेतही विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांनी दिले होते. बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी स्पर्धा चालू ठेवावी की थांबवावी, अशी विचारणा केल्यावर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १५ जानेवारी १९४२ च्या पत्रात कळवले की, भरतीयोग्य वयाच्या प्रत्येक खेळाडूने सैन्यात गेलेच पाहिजे. मात्र जास्त तास राबणाऱ्या जनतेला विरंगुळा हवा, म्हणून खेळ चालू राहणे देशाच्या हिताचे आहे. कामगारांना दिवसपाळी संपवून सामने पाहता यावेत यासाठी रात्रीचे सामने वाढवावेत, असेही त्यांनी सुचवले. पाच-सहा हजार खेळाडू किमान दोन कोटी लोकांचे मनोरंजन करतात, हा हिशेबही त्यांनी मांडला. ६ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, त्या दिवशीचे सामने रद्द करण्यात आले. मुख्य लीगमध्ये खेळलेले एल्मर गेडियन आणि हॅरी ओ’नील हे दोघे युद्धात मारले गेले. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांना सैन्यानेच परत पाठवलेले होते. त्यांनी लपून राहण्याचा मार्ग पत्करला नव्हता.

ब्राउन्स हा संघ १९५३ च्या हंगामानंतर सेंट लुईसमधून गेला आणि बाल्टिमोर ओरिओल्स या नावाने आजही खेळतो. सेंट लुईसमध्ये असताना त्याला मिळालेले हे एकमेव अजिंक्यपद. ते १५४ सामने खेळून, त्याच नियमांनी, शेवटच्या दिवशी मिळवलेले आहे.

माझी विनंती अशी की, पुरवणीतील त्या लेखातील १९४४ च्या ब्राउन्सविषयीचा आणि विशेषतः पीट ग्रेविषयीचा मजकूर आपण पुन्हा तपासून घ्यावा आणि या संघाची हकीकत वाचकांसमोर पूर्ण मांडावी. त्यासोबत देवधरांच्या महाराष्ट्र संघाचे ते दोन हंगाम आणि हजाऱ्यांच्या त्या खेळी यांविषयीही लिहिले जावे. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांसाठी मुले सध्या मैदानावर सराव करत आहेत आणि क्रीडा पान ती आवर्जून वाचतात. शाळेतील भिंतीवरच्या कात्रणफळ्यावर आपल्या दैनिकाचे पान लावले जाते. तिथे लागणाऱ्या पानावर हा मजकूर आल्यास मी आपला आभारी राहीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
विश्रामबाग, सांगली